माझ्या आधी कुणी बसलेलं नको

शोरूममध्ये काचेआड उभी असलेली, कुणालाही विकत मिळणारी मोटार घेण्यासाठी मी भारत सरकारच्या एका सहसचिवांची शिफारसचिठ्ठी घेऊन गेलो होतो. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं, पण ते लपूनही राहिलं नव्हतं. कारण ज्यांच्या गाडीसाठी चिठ्ठी नेली, त्या विमलअक्कांनी ही हकिकत दिल्लीतल्या झाडून साऱ्या मराठी घरांत पोचवली होती. गणपतीच्या आरतीला गेलो तरी कुणीतरी हात पुढे करून विचारायचं, "काय मुकुंदराव, प्रसादासाठी चिठ्ठी आणलीत ना?" आता ती हकिकत रंगवून सांगणाऱ्या अक्काच गेल्या, तेव्हा निदान ती बरोबर सांगायची जबाबदारी माझ्यावर आली.

काही आठवड्यांपूर्वी सकाळी मी दाढी करत होतो. गुडगावच्या इस्पितळातून फोन आला. शोभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तो घेतला, ऐकला, खाली ठेवला. "अक्का गेली," ती म्हणाली. मग थोडं थांबून... "सलाइन लावणाऱ्या पोरीला रागावत होती म्हणे. रागावता रागावताच गेली." आणि आम्ही दोघं, सांगायला लाज वाटते, हसलो. अर्ध्या गालाला साबण लावलेला मी आणि पदरात तोंड खुपसलेली ती. मग कधीतरी त्या हसण्याचं रडणं झालं. केव्हा झालं ते कळलं नाही.

पुढे शोकसभा झाली. एकामागून एक माणसं उठली आणि अक्कांचं वर्णन करू लागली. शांत. सोशिक. सोज्वळ. सेवेची मूर्ती. एका गृहस्थांनी तर "त्यांनी आयुष्यात कधी कुणाकडे काही मागितलं नाही" असं सांगून डोळे टिपले. मला राहवेना. तावातावानं उठलो, घसा खाकरला, आणि सगळी सभा माझ्याकडे वळून पाहू लागली तशी "पाणी मिळेल का?" एवढंच विचारून खाली बसलो. तर जे तिथं बोलायचं होतं ते इथं लिहितो. अक्का शांत नव्हत्या. सोशिक तर मुळीच नव्हत्या. आणि त्यांनी आयुष्यात एक गोष्ट मागितली होती, चारचौघांत, ताठ बसून, एक अख्खं शोरूम अडवून मागितली होती. ती गोष्ट पुसून त्यांच्या तसबिरीला हार घालायचा असेल, तर माझ्या नावाची फुलं त्यातून काढून ठेवा.

विमलअक्का माझ्या बायकोच्या थोरल्या बहीण. लग्न त्यांनी केलं नाही. साताऱ्याकडच्या एका लहान गावातून निघून लष्कराच्या नर्सिंग सेवेत शिरल्या आणि मेजर होऊन निवृत्त झाल्या. मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तो शोभाला बघायला गेलो तेव्हा. खरं तर त्यांनीच मला बघितलं. पोह्यांची बशी हातात देण्याआधी म्हणाल्या, "नखं दाखवा." मी दाखवली. "जीभ?" मी तीही दाखवली. माझे वडील शेजारी बसून हे पाहत होते. "पोट साफ होत नाही यांचं," अक्कांनी घरात वळून जाहीर केलं, "पण माणूस गरीब आहे. चालेल." इतक्या वर्षांत माझ्याबद्दलचं त्यांचं मत याहून फारसं सुधारलं नाही.

त्यांच्या तोंडी एक शब्द सारखा असायचा, 'इश्यू'. लष्करात जे मिळतं ते इश्यू होतं. पलंग इश्यूचा, ब्लँकेट इश्यूचं, ट्रंकसुद्धा आधीच्या कुणाचं तरी नाव खरवडून आपलं रंगवलेली. लहानपणीही तेच. मोठ्या भावाचे सदरे कापून यांचे परकर-पोलके, भावाची कोपरा फुटलेली पाटी, भावानं उत्तरं लिहून ठेवलेली पुस्तकं. "मी कुठल्याही वस्तूत शिरले ना मुकुंदराव," त्या म्हणायच्या, "की आत आधीच कुणीतरी बसून गेलेलं असायचं. ऊब लागायची बुडाला." हे त्या हसत सांगायच्या, पण सांगताना बशीतला चहा तसाच राहायचा.

निवृत्तीनंतर त्यांनी गुडगावात फ्लॅट घेतला. तेव्हा ते गुडगावच होतं. मोहरीची शेतं, मध्येच एखादी काचेची इमारत, आणि रस्ता नंतर येईल असं बिल्डरचं वचन. आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये बसून त्यांना वेड्यात काढत होतो. त्यांचं म्हणणं एकच, घर कोरं मिळतंय. ताबा घ्यायला गेलो तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर हातभर काजळी. बांधकामावरच्या कुटुंबानं तिथं चूल मांडली होती. मी बिल्डरवर ओरडायच्या तयारीला लागलो. अक्कांनी मला गप्प केलं. "ज्यांनी घर बांधलं ते आधी राहिले. त्यांचा हक्क पहिला. यावर मी भांडणार नाही." काजळीवरून बोट फिरवलं, ते पदराला पुसलं आणि म्हणाल्या, "पण गाडी घेईन ना, ती मात्र माझ्या आधी कुणी बसलेली नको. एक वस्तू. एकच. तेवढी तरी मिळू दे."

गाडी हवीच होती. बस तिथं येत नव्हती, रिक्षावाले नाव ऐकून मान फिरवायचे. शिवाय त्यांनी पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकून घेतली होती. शिकवणाऱ्यालाच "क्लच असा सोडतात का?" म्हणून दटावत. शोभालाही त्यांनीच शिकवलं. मला शिकवायचं त्यांनी पहिल्याच दिवशी सोडून दिलं. कारण विचारू नका. एक म्हैस होती, तिला काही झालं नाही, एवढंच सांगतो.

आम्ही गेलो ते दसऱ्याच्या दुपारी. जयपूरच्या रस्त्याला नवंच शोरूम झालं होतं. त्या वेळी अशी शोरूमं पाहायलाही लोक सहकुटुंब जात. पांढरीशुभ्र फरशी, थंडगार हवा, आणि मधोमध एका चौथऱ्यावर लाल रंगाची गाडी, टपावर रिबिनीचं फूल. त्या गाडीत चार-पाच पोरं चढली होती, एक स्टिअरिंग चाटत होतं. सकाळी शोभानं क्वार्टरमागच्या कांचनाच्या झाडाची पानं तोडून आणली होती. दिल्लीत आपटा कुठून आणायचा? कांचनाचं पान त्याच घराण्यातलं, तसंच मधोमध दुभंगलेलं, तेव्हा इथल्या मराठी माणसाचं सोनं म्हणजे तेच. माझा खिसा त्या सोन्यानं भरलेला होता आणि दिसेल त्याला मी ते वाटत होतो.

विक्रीचा मॅनेजर सेठी नावाचा होता. कमरेला मोबाइल फोन, त्या काळात तो तलवार लटकवल्यासारखा लावत. मी त्यालाही पान दिलं. "सोना है, दशहरे का." त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि प्रसाद समजून तोंडात टाकलं. चावलं. चेहरा कसनुसा झाला, पण गिऱ्हाईक समोर उभं असल्यामुळे गिळलं.

"सर, कौन सा कलर देखेंगे?" त्यानं मला विचारलं.

"कलर मैं देखूँगी," अक्का म्हणाल्या.

"जी मैडम, बिल्कुल मैडम." आणि पुन्हा माझ्याकडे वळून, "सर, सिल्वर आजकल बहुत चल रहा है."

"लाल," अक्का म्हणाल्या.

"मैडम, लाल तो बच्चों की पसंद है. आपकी उमर में सिल्वर डीसेंट लगता है."

"सेठी साहब, सारी उमर सफ़ेद पहना है. डीसेंट बहुत हो गया."

सेठी हसला. चौथऱ्यावरची पोरं खाली हाकलली, गाडीचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, कमरेत वाकला आणि म्हणाला, "बैठिए सर." आणि मी बसलो! गाडी अक्कांची, गाडी चालवणार अक्का, मला तर म्हशीनंसुद्धा नापास केलेलं, आणि मी आरामात बसून स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवू लागलो. मान वर केली तर काचेपलीकडे अक्का. हाताची घडी.

"मुकुंदराव, गाडी कोण घेतंय?"

मी गडबडलो. काहीतरी कारण हवं म्हणून खिशातून एक पान काढलं, ऊन अडवायला डोक्यावर जी झडप असते तिच्यामागे खोचलं आणि म्हणालो, "तुमच्यासाठी सोनं ठेवत होतो हो, अक्का." शोभानं डोळे मिटून घेतले.

मग त्या चिठ्ठीचं. माझ्या पिढीला कळेल, नव्यांना समजावून सांगावं लागेल. मी स्कूटर नोंदवली तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं आणि स्कूटर हाती आली तेव्हा मुलगी शाळेत जात होती. फोन, गॅस, स्कूटर... जे काही हवं ते नोंदवायचं, वाट पाहायची आणि ओळखीचा साहेब शोधायचा. खिशात कुणाची तरी सही असल्याशिवाय दुकानात शिरलं की मला उघडं पडल्यासारखं व्हायचं. तर मी आमच्या सहसचिवांच्या मागे लागून, 'सदर व्यक्तीच्या मागणीचा सहानुभूतीनं विचार व्हावा' अशी चिठ्ठी मिळवली होती. अक्कांना आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून सांगितलं नव्हतं. ती मी सेठीसमोर अदबीनं ठेवली.

सेठीनं वाचली. पुन्हा वाचली. बाहेर त्याच मॉडेलच्या न खपलेल्या गाड्या रांगेनं धूळ खात उभ्या होत्या. त्यात लाल नव्हती, बाकी सगळे रंग होते. क्षणभर त्याला कळेना, हा माणूस आपल्याकडे काय मागतोय. मग त्याचा चेहरा उजळला. "सर, आप तो घर के आदमी निकले! आपका केस स्पेशल. लाल की बहुत शॉर्टेज है, पर आपके लिए स्पेशल निकलवाऊँगा. धनतेरस पे डिलिवरी." थंड पेयं आली. मी विजयी मुद्रेनं अक्कांकडे पाहिलं.

"मुकुंदराव," अक्का म्हणाल्या, "दुधी आणायला जाता तेव्हा कुणाची चिठ्ठी नेता?"

माझा मूर्खपणा किती महागात पडणार होता ते तेव्हा कुणालाच कळलं नाही. चिठ्ठी आणणारा माणूस म्हणजे मिळेल ते डोक्याला लावून घेणारा माणूस, हे सेठीनं ताडलं होतं. अशाला काहीही द्यावं. तो वर आभार मानेल.

धनत्रयोदशीला त्या शोरूममध्ये जत्रा होती. दिल्लीकडे त्या दिवशी चमचा का होईना, धातू घरात आलाच पाहिजे, आणि ज्यांना जमतं ते गाडीच आणतात. झेंडूच्या माळा, मिठाईचे डबे, कंत्राटावर आणलेले एक पंडितजी एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर नारळ फिरवताहेत. बाहेर पडायला दार एकच, आणि दारापुढे लाकडी उतार. नव्या गाड्या त्या दाराच्या रोखानं एकामागे एक लावलेल्या, आणि सगळ्यांत पुढे अक्कांची लाल गाडी. स्पेशल केस ना.

"फ़ैक्ट्री से सीधी, मैडम. कल ही ट्रेलर से उतरी है. किसी ने हाथ तक नहीं लगाया," सेठी म्हणाला. या वेळी त्यानं दार अक्कांसाठी उघडलं. अक्का बसल्या. आयुष्यात त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ, ओठ किंचित उघडे... शाळेच्या पहिल्या दिवशी कोरी पाटी मिळालेल्या मुलीसारखा. त्यांनी आरसा नीट केला. गिअर हलवून पाहिला. मग सवयीनं, वॉर्डची तपासणी केल्यासारखं, इथं तिथं बोट फिरवत त्यांनी ती डोक्यावरची झडप खाली ओढली.

त्यांच्या मांडीवर एक पान पडलं. वाळून तपकिरी झालेलं, मधोमध दुभंगलेलं.

त्यांनी ते देठाला धरून उचललं. तो उजळलेला चेहरा विझताना मी पाहिला, आणि अजून कधी डोळे मिटले की मला तोच दिसतो. "मुकुंदराव," त्या अगदी हळू म्हणाल्या, "हे काय आहे?"

मी काय म्हणालो असेन? आठवलं की अजून कानशिलं तापतात. मी म्हणालो, "वाऱ्यानं आलं असेल." मुहूर्त टळत होता हो. साहेबांची चिठ्ठी दिलेली, मागे माणसं खोळंबलेली, पंडितजी नारळ घेऊन उभे. "घेऊन टाकू, अक्का. गाडी तीच ना शेवटी. पुसून घेऊ."

"यात आधी कोण बसलं होतं, मला माहीत आहे," अक्का म्हणाल्या. "तुम्ही. आणि तुमच्या आधी ती चाटणारी पोरं."

सेठी पुढे आला. "क्या हुआ मैडम? पत्ता है. बाहर के पेड़ से आ गया होगा."

"बाहर सफ़ेदे के पेड़ हैं, सेठी साहब. ये कचनार है." सफ़ेदा म्हणजे नीलगिरी; शोरूमबाहेर तीच झाडं होती.

"तो कहीं और से उड़ के आया होगा. पत्ते पे किसी का नाम थोड़ी लिखा है."

"याद कीजिए," अक्का गोड आवाजात म्हणाल्या. हा त्यांचा इंजेक्शनआधीचा आवाज होता. "दशहरे पे आपने यही पत्ता खाया था. कड़वा लगा था ना?"

"मैडम, वो तो अंकल ने सोना-सोना करके खिला दिया था, यहीं, इसी गाड़ी के—"

आणि तो थांबला. मागच्या गाडीशी उभे असलेले एक सरदारजी मोठ्यानं हसले. सेठीच्या कानाच्या पाळ्या गाडीच्या रंगाच्या झाल्या.

इथून पुढचं मी मान ताठ करून सांगतो, कारण माझा त्यात काडीचा वाटा नाही. अक्का आरडाओरडा करतील असं मला वाटलं होतं. त्या खाली उतरल्या, टपावरचा हार काढून पंडितजींच्या हातात दिला आणि पुन्हा आत बसल्या. हँडब्रेक ओढला. किल्ली पर्समध्ये टाकली. आणि पिशवीतून विणकाम काढून, त्या कुणीतरी आधी बसलेल्या सीटवर बसून, स्वेटर विणायला लागल्या. दार एकच, उतार एकच, सगळ्यांत पुढे ही गाडी. धनतेरस जागच्या जागी थांबली.

"मैडम, गाड़ी ज़रा साइड करवा दीजिए," सेठी म्हणाला.

"किसकी गाड़ी? मेरी तो अभी आई नहीं."

सेठीनं स्टिरिओ देऊ केला. नको. सीट कव्हरं. नको. पुढे जादा दिवे, मागे रबरी पट्टी, किमतीत सूट. प्रत्येक गोष्टीला अक्का सुयांवरची नजर न काढता नको म्हणत होत्या आणि मी खिडकीशी वाकून पुटपुटत होतो, "अक्का, स्टिरिओ तरी घ्या." शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला कळलंच नाही का हो अजून? मला स्वस्त नकोय. मला नवी हवीय."

लोक आधी चिडले. कुणाचा मुहूर्त टळत होता, कुणाची म्हातारी आई खुर्चीवर अवघडली होती. "आंटी जी, त्योहार है, एडजस्ट कर लो ना," एक तरुण म्हणाला. अक्कांनी सुया खाली ठेवल्या. "बेटा, एडजस्ट ही किया है आज तक. तू अपनी गाड़ी देख ले, कोई बैठ के तो नहीं गया?" त्यानं हसून हात उडवला. पण त्याच्या बायकोनं जाऊन ॲशट्रे उघडला. आत चिंगम! मग जे सुरू झालं... सरदारजींनी बॉनेट उघडलं, एक बाई पायपुसण्या उपटू लागल्या, कुणी टायरच्या खोबणीतले खडे मोजायच्या बेतात गुडघ्यांवर बसलं. ज्यांच्या गाड्या निर्मळ होत्या तेही सेठीवर ओरडू लागले. सणाच्या दिवशी ओरडायला मिळतंय तर कोण सोडतो. पंडितजी नारळ घेऊन एका कोपऱ्यात बसले आणि मिठाईचा डबा उघडते झाले. सरदारजींनी अक्कांसाठी चहा मागवला. "बहन जी, आप बैठे रहो," ते म्हणाले, "हम भी बैठे हैं."

संध्याकाळचे दिवे लागायच्या वेळी मालक स्वतः आला. त्यानं सगळं ऐकलं, ते पान हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि सेठीला काहीतरी पंजाबीत सुनावलं, ते इथं छापता येणार नाही. अक्कांना म्हणाला, "मैडम, आप जीतीं. नई मँगवाता हूँ. आपके सामने ट्रेलर से उतरेगी." अक्का उतरल्या. विणकाम गुंडाळलं. मालकाच्या हातातून पान मागून घेतलं आणि पर्समध्ये ठेवलं. आम्ही टॅक्सीत बसलो. शोभानं त्यांचा हात धरला. "नाही म्हणायची सवय नाही गं मला," अक्का म्हणाल्या. "पाठीतून घाम गळत होता. तुझ्या नवऱ्याकडे बघितलं असतं तर मी हो म्हणून टाकलं असतं."

गाडी आली ती एका शनिवारी. शनिवारी लोखंड घरी आणत नाहीत म्हणून शोरूममध्ये काळं कुत्रं नव्हतं. मी तसं बोलून दाखवलं. "म्हणूनच तो वार सांगितलाय," अक्का म्हणाल्या. ट्रेलरवरून ती लाल गाडी उतरताना त्या उन्हात उभ्या होत्या. सीटवरचं प्लास्टिक त्यांनी स्वतः फाडलं आणि त्या बसल्या. दार लावून घेतलं. काचा वर. आत किती वेळ नुसत्याच बसून होत्या... आम्ही बाहेर. मग त्यांनी पर्समधलं ते वाळकं पान काढलं आणि झडपेमागे खोचलं. काच खाली करून मला म्हणाल्या, "पुढे शोभा बसेल. तुम्ही मागे. कायमचे."

मी मागेच बसलो. त्या लाल गाडीच्या मागच्या सीटवरून मी गुडगाव उगवताना पाहिलं. शेतं गेली, मनोरे आले, रस्ताही आला आणि आल्याबरोबर तुंबला. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात थालीपीठ खायला नेताना त्या हॉर्न असा वाजवत की मंत्र्यांच्या गाड्या बाजूला होत. लष्कराच्या छावणीतल्या कितीतरी जवानांच्या बायकांना, गावाकडून नुकत्याच आलेल्या, हिंदीही धड न येणाऱ्या पोरींना, त्यांनी बाळंतपणासाठी त्याच गाडीतून नेलं. सोसायटीच्या फाटकावर रामफल नावाचा रखवालदार होता, फौजेतून निवृत्त झालेला. तो त्यांना कडक सलाम ठोकायचा, आणि त्या त्याच्या बुटांना पॉलिश नसलं की गाडी थांबवून सांगायच्या. दर दसऱ्याला आम्ही कांचनाचं पान दिलं की ते त्या झडपेमागे जायचं. "सेठीची आठवण," त्या म्हणायच्या.

शेवटी आजारी पडल्या तेव्हा रुग्णवाहिका नको म्हणाल्या. शोभानं गाडी चालवली, त्या शेजारी, मी मागे. इस्पितळात त्यांना निळा गाऊन घातला. मी भेटायला गेलो तर गाऊनची बाही चिमटीत धरून बसल्या होत्या. "बघा मुकुंदराव," म्हणाल्या, "पुन्हा इश्यूचंच. कुणाचा तरी घातलेला." मी म्हणालो, "चिठ्ठी आणू का?" त्या इतक्या हसल्या की नर्स धावत आली. तीच आमची शेवटची भेट.

त्यांच्या अंगावर शेवटी जे घातलं ते कोरं होतं. दुकानात शोभानं ते उजेडात धरलं, दोन्ही बाजूंनी तपासलं, आणि दुकानदार म्हणाला, "बहन जी, ऐसे मौक़े पे कौन इतना देखता है?" शोभा म्हणाली, "हम देखते हैं." आवाज थेट अक्कांचा.

गेल्या रविवारी आम्ही गाडी आणायला गेलो. ती अक्कांनी शोभाच्या नावानं ठेवली आहे. शोभा वर फ्लॅटमध्ये झाडांना पाणी घालत होती, किल्ली माझ्याकडे. मी खाली पार्किंगमध्ये आलो. लाल रंग आता विटलाय, पण दार उघडलं आणि आतून तो वास आला, औषधाचा, लोकरीचा, आणि वाळक्या पानांचा. मी तसाच आत बसलो. स्टिअरिंगमागे. मान वर केली आणि ती झडप खाली ओढली.

माझ्या मांडीवर, शर्टावर, पायांत पानंच पानं पडली. तपकिरी, काळी, चुरा झालेली, काही अजून देठाला धरता येतील अशी. इतक्या वर्षांचं सोनं. मी ते ओंजळीत गोळा करत होतो, डोळ्यांसमोर सगळं धूसर, तेवढ्यात काचेवर टकटक झालं. रामफल. बूट चकचकीत पॉलिश केलेले.

"उतरो अंकल जी," तो म्हणाला. "मेजर साहब कह के गई हैं, चाबी चाहे जिसको दे दो, इस सीट पे ये वाला अंकल ना बैठे. चलो, पीछे."